पडदा गोठला, तर नवस नको, कारण शोधा



कॉम्प्युटर ही आता आपल्या वस्त्यांमध्ये नवलाची वस्तू राहिलेली नाही. कोणी हप्त्यावर घेतला, कोणी कंपनीतून मोडीत निघालेला स्वस्तात आणला, तर कोठे मंडळाने वर्गणी काढून बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत बसवला. पोरे मोठी झाली की त्यात ग्राफिक्स कार्ड टाकण्याची वेळ येते. मुलगी ॲनिमेशनचा कोर्स करते, मुलगा ऑटोकॅड शिकतो, कोणी जयंतीच्या मिरवणुकीचे आणि भीमगीतांचे व्हिडिओ एडिट करून घराला हातभार लावतो. साध्या कॉम्प्युटरला ही कामे पेलत नाहीत, म्हणून पोटाला चिमटा घेऊन कार्ड आणले जाते.

आणि मग एके दिवशी काम ऐन भरात असताना पडदा जागच्या जागी गोठतो. माउस हलत नाही. गाण्याचा आवाज एकाच अक्षरावर अडकून टर्र टर्र करीत राहतो, नाही तर पडदा काळाठिक्कर पडतो. बटन दाबून बंद करावे, पुन्हा चालू करावे, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच!

अशा वेळी घरात तीन मते निघतात. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. मित्र म्हणतो, व्हायरस शिरला. दुकानदार म्हणतो, कार्ड गेले, नवीन टाका. या तिन्ही मतांत एक गोष्ट सारखी आहे. तिघांपैकी कोणीही पेटी उघडून आत पाहिलेले नाही. यातले तिसरे मत सर्वांत महागात पडते. नवे कार्ड म्हणजे कष्टकऱ्याच्या घरातली महिन्या-दोन महिन्यांची कमाई. दोष कार्डात नसून वीज पुरविणाऱ्या डब्यात असला, तर नवे कार्डही तसेच गोठते. पैसे गेले, दुखणे राहिले, आणि मुलीचा कोर्स मधेच सुटला.

तथागतांनी आपल्याला शिकवले की दुःख आहे, दुःखाला कारण आहे, आणि कारण दूर केले की दुःख दूर होते. केसपुत्त गावच्या कालामांना त्यांनी सांगितले, की कोणी सांगितले म्हणून किंवा परंपरेने चालत आले म्हणून एखादी गोष्ट मानू नका. स्वतः पारखून घ्या. ही शिकवण वंदनेपुरती नाही. टेबलावरच्या लोखंडी पेटीलाही ती तितकीच लागू पडते. तेव्हा आज आपण कारण शोधण्याची रीत पाहू.

कार्ड करते तरी काय?

पडद्यावरचे प्रत्येक चित्र लाखो लहान लहान ठिपक्यांचे बनलेले असते. त्या ठिपक्यांचे रंग सेकंदाला अनेक वेळा नव्याने ठरवायचे, हे काम ग्राफिक्स कार्ड करते. या कामाला वीज लागते आणि त्यातून उष्णता निघते. विंडोज आणि कार्ड यांच्यामध्ये एक दुभाषी असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्ड मदरबोर्डच्या खाचेत बसलेले असते. म्हणजे बिघाडाच्या जागा मुख्यतः पाच: उष्णता, वीज, दुभाषी, जोडणी आणि खुद्द कार्ड. दुकानदार पाचवीपासून सुरुवात करतो, आपण पहिलीपासून करायची.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. विंडोज कार्डाला काम देऊन उत्तराची वाट पाहते. साधारण २ सेकंदांत उत्तर आले नाही, तर ती ड्रायव्हरला झोपेतून उठवल्यासारखे पुन्हा सुरू करते. त्यामुळे कधीकधी पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. हा इशारा समजावा. उठवूनही तो उठला नाही, तर पडदा गोठतो किंवा निळा पडदा येतो.

पहिले हत्यार: वही

स्क्रू-ड्रायव्हर नंतर घ्या, आधी एक वही घ्या. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, कोणते काम चालू होते, चालू केल्यापासून किती मिनिटांनी गोठला आणि पडद्यावर काय दिसले, एवढे लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की दोषच बोलू लागतो.

जड काम सुरू करून वीस-तीस मिनिटांनी गोठत असेल, तर संशय उष्णतेवर. जड काम सुरू होताच मशीन फट्‌दिशी बंद पडत असेल किंवा आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर संशय विजेवर. एकाच प्रोग्रॅममध्ये गोठत असेल, किंवा नुकतेच अपडेट झाल्यापासून सुरू झाले असेल, तर संशय ड्रायव्हरवर. आणि विंडोज सुरू होण्याआधीच, कंपनीचे नाव दिसते त्या पहिल्या पडद्यावरच रंगीत ठिपके किंवा आडव्या-उभ्या रेघा येत असतील, तर ड्रायव्हर निर्दोष आहे. कारण तो अजून कामावर आलेलाच नाही. तेथे संशय कार्डावर, केबलवर किंवा मॉनिटरवर.

गोठला त्या क्षणी

पडदा गोठला की लगेच बटन दाबून धरू नका. आधी कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर कॉम्प्युटर जिवंत आहे, फक्त चित्र अडकले आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटने एकदम दाबा. विंडोज १० व ११ मध्ये याने ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. एक बीप वाजून पडदा परत आला, तर निदान केलेले काम तरी सेव्ह करता येते. कॅप्स लॉकचा दिवाही मेला असेल, तर सारे मशीनच अडकले आहे. मग कार्डाबरोबर रॅम आणि वीज हेही संशयित धरावेत. रॅमची तपासणी विंडोजमध्येच असलेल्या 'मेमरी डायग्नोस्टिक'ने फुकट होते.

मशीन पुन्हा चालू झाल्यावर विंडोजची स्वतःची वहीही वाचा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' असे शोधले की कोणत्या दिवशी काय कोसळले ते तारखेनिशी दिसते. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'डिस्प्ले' या नावाखाली ४१०१ क्रमांकाची नोंद दिसली, तर ड्रायव्हर अडकून पुन्हा सावरला असा अर्थ होतो. 'कर्नल-पॉवर' ४१ ही नोंद दाखवून काही जण वीजडबा बदलायला लावतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता बंद पडले. तुम्ही स्वतः बटन दाबून धरले, तरी हीच नोंद होते. नुसत्या तिच्यावरून कोणालाही दोषी ठरवू नये.

हार घालू नका, धूळ काढा

दसऱ्याला कित्येक दुकानांत नि ऑफिसांत कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू लावतात. आत मात्र वर्षाची धूळ तशीच साचलेली असते. आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्माची दीक्षा घेतलेल्यांची लेकरे आहोत. आपल्याकडे त्या दिवशी पेटी उघडून साफ करण्याची रीत पडली, तर काय बिघडले?

दहा बाय दहाच्या खोलीत, वर पत्रा, एका बाजूला स्वयंपाक, अशा ठिकाणी फोडणीचा धूर आणि धूळ मिळून पंख्यांवर चिकट थर बसतो. अगरबत्ती-मेणबत्तीचा धूरही त्यात भर घालतो. वारा आत शिरत नाही, कार्ड तापते आणि काम थांबवते.

साफ करताना मशीन बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि मग चालू करण्याचे बटन पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे राहिलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांना मारक असते. ब्लोअरने किंवा कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. ते भिरभिरू दिले तर पंखा खराब होऊ शकतो. ओले फडके मुळीच वापरू नका.

तापमान मोजण्यास वेगळे यंत्र लागत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' या भागात वेगळ्या कार्डाचे तापमान दिसते. जड कामात ७० ते ८० अंश सेल्सिअस हे बहुतेक कार्डांना चालते. ८५ च्या वर सतत राहू लागले, तर काळजी घ्यावी. काम हलके असताना कार्डाचे पंखे थांबलेले दिसले, तर घाबरू नये. नवी पुष्कळ कार्डे तशीच बनवलेली असतात. जड कामातही फिरत नसतील, तर मात्र दोष आहे.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. चालू मशीनवर धूळ बसू नये म्हणून कापड टाकतात, तेही काढून टाका. उन्हाळ्यात चालू मशीनला गोधडी पांघरण्यासारखेच ते आहे.

विजेची बाजू

पुष्कळांना ठाऊक नसते, की १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा देशाच्या विजेच्या धोरणाचे कामही त्यांच्याच खात्याकडे होते. गरिबाच्या घरी स्वस्त आणि भरपूर वीज पोहोचल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. वीज आपल्या घरात आली. आता ती नीट आली आहे की नाही, हे पाहणे आपले काम.

कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून मोठ्या कार्डाला वेगळी वायर लागते. सहा पिनांच्या वायरीतून ७५ आणि आठ पिनांच्या वायरीतून १५० वॅटपर्यंत वीज घेण्याचे प्रमाण ठरलेले आहे. ही वीज एसएमपीएस नावाचा डबा पुरवतो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या डब्यावर ४५० वॅट छापलेले असले, तरी तो तेवढे ओझे पेलेलच असे नाही. कार्ड क्षणात जोर लावते, डबा मान टाकतो, आणि नाव कार्डाचे खराब होते.

म्हणून कार्ड बदलण्याआधी मित्राकडून चांगला एसएमपीएस एक दिवस मागून आणा आणि लावून पाहा. दोन गोष्टी मात्र जपा. एका कंपनीच्या डब्याच्या सुट्या वायरी दुसऱ्या डब्याला लावू नका. टोके सारखी दिसली, तरी आतली मांडणी वेगळी असते आणि कार्ड जळते. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जिवावर बेतेल एवढी वीज साठलेली असते.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का, तेही पाहा. येत असतील, तर घराला अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा मोठा आहे. घरात लहान मुले असतात. फ्रिज, मिक्सर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ठेवू नका.

दुभाषी बदलून पाहा

ड्रायव्हर नेहमी कार्डाची चिप बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. शोधताना वर येणारी 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' अशी आमिषे टाळावीत. जुन्यावर नवा चढवण्यापेक्षा जुना पूर्ण काढून टाकावा. त्यासाठी 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचे फुकट साधन आहे. ते विंडोजच्या सेफ मोडमध्ये चालवतात. नव्या ड्रायव्हरनंतरच दुखणे सुरू झाले असेल, तर आधीचा परत घालावा. नवे ते चांगलेच, असा नियम नाही. कार्डाचा वेग वाढवणारे काही प्रोग्रॅम घातले असतील, तर ते आधी काढावेत. वेगापायी स्थैर्य जाते.

शेवटची पारख

येथवर दोष सापडला नाही, तर कार्ड काढून पुन्हा बसवा. मागचा स्क्रू आणि खाचेच्या टोकाची खिट्टी सोडवून अलगद बाहेर घ्या, सोनेरी पट्टी कोरड्या कापडाने पुसा, आणि खिट्टीचा टक् आवाज येईपर्यंत बसवा. जड कार्ड स्वतःच्या वजनाने खाली झुकते आणि जोडणी सैल होते, याकडेही लक्ष द्या.

मग कार्ड बाजूला ठेवून मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा आणि दोन दिवस चालवा. ज्या प्रोसेसरमध्ये चित्र काढण्याची सोय आतच असते, त्यांनाच हे जमते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ हे अक्षर असेल, तर ती सोय नसते. तसेच एएमडीच्या जुन्या रायझनमध्ये जी अक्षर असलेल्यांतच ती सहसा असते. त्याचबरोबर आपले कार्ड मित्राच्या मशीनमध्ये लावून पाहा. दोष कार्डाबरोबर तिकडे गेला, तर कार्ड दोषी. दोष घरीच राहिला, तर कार्ड निर्दोष आणि तुमचे हजारो रुपये वाचले.

एक पथ्य कटाक्षाने पाळा: एका वेळी एकच बदल. धूळ काढली, ड्रायव्हर बदलला, वायरही बदलली आणि मशीन बरे झाले, तर कशाने बरे झाले ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधारच.

कार्ड खरेच गेले असेल तर

आधी बिल शोधा. वॉरंटी शिल्लक असेल, तर कार्डावरचा नंबराचा स्टिकर न काढता सर्व्हिस सेंटरला न्या, आणि जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय परतू नका. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. वही आणि बिल हाती असले, की तक्रारीला वजन येते.

कार्ड ओव्हनमध्ये भाजून बरे करण्याचे व्हिडिओ फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. चिप तापते-निवते, तापते-निवते, तसे तिच्याखालचे सूक्ष्म जोड थकतात आणि तडकतात. एनव्हिडिया या मोठ्या कंपनीलाही आपल्या काही चिपांतील अशाच दोषापायी जुलै २००८ मध्ये १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली होती. भाजल्याने जोड काही दिवस टेकतात आणि पुन्हा सुटतात. शिवाय ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजते त्यात विषारी वाफा भरतात.

बरेच जण मग जुन्या कार्डाकडे वळतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरचे उत्खनन बंद झाले, तेव्हा रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. सगळीच वाईट असतात असे नाही, पण पंखे आणि आतली पेस्ट झिजलेली असू शकते. दुसरा धोका नकली मालाचा. जुन्या चिपवर 'जीटीएक्स १०५० टीआय' असे नाव चढवून विकलेली कार्डे सापडली आहेत. 'जीपीयू-झेड' नावाचा फुकट प्रोग्रॅम अशा पुष्कळ नकली कार्डांपुढे स्पष्ट इशारा देतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा आपल्या गावच्या दुकानात जा. अर्धा तास जड काम चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. विकणारा पाहू देत नसेल, तर त्यातच उत्तर आले.

विहारात एक पेटी

ज्या समाजाला अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाची मुलगी आज पडद्यावर चित्र हलवते आहे. पण पेटी बंद आणि तिची विद्या दुसऱ्याच्या हाती, असे झाले तर आपण पुन्हा कोणाच्या तरी शब्दावर चाललो. विद्या काय फक्त वापरण्याची असते? दुरुस्त करण्याचीही असते. म्हणून मुलींच्या हातीही स्क्रू-ड्रायव्हर द्या. "तुला नाही जमायचं" असे म्हणू नका.

विहाराच्या अभ्यासिकेत एक लहान पेटी ठेवता येईल: दोन स्क्रू-ड्रायव्हर, एक ब्रश, ब्लोअर, तपासणीसाठी एक चांगला एसएमपीएस, एखादे जुने पण चालू कार्ड, आणि एक वही. वर्गणीने हे सहज होते. प्रत्येक घराने आपल्या मशीनचा दोष आणि सापडलेले कारण त्या वहीत लिहिले, तर वर्षभरात वस्तीचे स्वतःचे दुरुस्तीचे पुस्तक तयार होईल. एका घराने शोधलेले कारण मग दुसऱ्या घराला विकत घ्यावे लागणार नाही.

जयभीम!